हरित हायड्रोजनचा उत्प्रेरक स्वस्त होणे म्हणजे नेमके काय?

पाण्यापासून हायड्रोजन तयार करण्यासाठी स्वस्त उत्प्रेरक, म्हणजे ही क्रिया सोपी करून देणारा पदार्थ, सापडल्याची बातमी अलीकडे दर महिना-दोन महिन्यांनी कुठे ना कुठे छापून येते. यंदा दिवाळीला विट्याला आलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने इरिडियम हा दुर्मीळ धातू टाळणाऱ्या उत्प्रेरकाची अशीच एक बातमी मोबाइलवर दाखवली. तो दक्षिणेतल्या एका शहरात गलाईचा व्यवसाय करतो. तो म्हणाला, "सर, आख्खं आयुष्य सोनं-चांदी गाळण्यात गेलं, पण हे इरिडियम कधी आमच्या मुशीत आलं नाही. एवढं काय आहे त्यात? आणि ते वापरायला नको म्हणून सगळे एवढे का धडपडतायत?"

खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक देशभरातील सराफ पेठांत सोन्या-चांदीचे शुद्धीकरण करतात, हे सांगली जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. धातूचा टंच ओळखणाऱ्या माणसाने विचारलेला प्रश्न टंच ओळखण्यासारखाच नेमका होता. त्याला तेव्हा अंगणात बसून जे सांगितले, ते जरा व्यवस्थित मांडावे, म्हणून हा लेख लिहीत आहे.

पाणी फोडायचे म्हणजे काय करायचे?

पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. पाण्यातून वीज सोडली की हे अणू सुटे होतात, ऋण टोकाकडे हायड्रोजन आणि धन टोकाकडे ऑक्सिजन वायू मिळतो. या क्रियेला विद्युत अपघटन म्हणतात आणि ती करणाऱ्या यंत्राला इलेक्ट्रोलायझर. वीज सूर्य, वारा किंवा धरण यांसारख्या स्रोतांतून आली असेल, तर त्या हायड्रोजनला हरित म्हणतात. भारत सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये त्याची व्याख्या ठरवून दिली आहे: एक किलो हायड्रोजनमागे दोन किलोंपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होता कामा नये. आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनतो आणि त्यात किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

ही क्रिया घरी पाहता येते. नऊ व्होल्टची एक बॅटरी, दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली, दोन तारा आणि ग्लासभर पाण्यात विरघळवलेला चमचाभर खाण्याचा सोडा एवढे साहित्य पुरते. मीठ मात्र घालू नये, कारण मग ऑक्सिजनबरोबर क्लोरीन हा विषारी वायू निघू लागतो. बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या शिसाभोवती बारीक बुडबुड्यांची दाट माळ लागते, तर धन टोकाकडील शिसावर ते कमी आणि रेंगाळत येतात. अर्धा तास तसेच राहू दिले, तर आणखी एक गोष्ट दिसते: धन टोकाकडील शीस झिजून खरबरीत होते आणि ग्लासाच्या तळाशी काळी भुकटी साचते. ही काळी भुकटी लक्षात ठेवावी, कारण या संपूर्ण विषयाची अर्धी अडचण तिच्यात आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? युरियाच्या पोत्यासाठी

हायड्रोजन म्हटले की लोकांना हायड्रोजनवर चालणाऱ्या बस आठवतात. मला स्वतःला त्या चित्राचे फारसे आकर्षण नाही, कारण जे काम विजेची तार किंवा बॅटरी थेट करू शकते, तिथे आधी विजेचा हायड्रोजन करायचा आणि मग हायड्रोजनची पुन्हा वीज करायची, यात ऊर्जेचा मोठा हिस्सा वाया जातो. हायड्रोजनची खरी गरज आहे ती खत कारखान्यांना, तेलशुद्धीकरणाला आणि पुढे पोलाद बनवण्याला, म्हणजे जिथे तो इंधनाइतकाच कच्चा माल म्हणूनही लागतो.

उसाला युरिया टाकणाऱ्या शेतकऱ्याला हा हिशेब जवळचा वाटेल. युरिया अमोनियापासून बनतो आणि अमोनिया हायड्रोजन व नायट्रोजनपासून. रसायनशास्त्राचे साधे गणित मांडले, तर ४५ किलोंच्या एका पोत्यामागे सुमारे साडेपंचवीस किलो अमोनिया आणि त्यासाठी साडेचार किलो हायड्रोजन लागतो. एक किलो हायड्रोजनला आजच्या यंत्रांत साधारण ५० युनिट वीज लागते. म्हणजे एका पोत्याच्या हायड्रोजनपुरतीच २२५ युनिट वीज झाली. युनिटला पाच रुपये धरले, तर नुसत्या विजेचे १,१२५ रुपये होतात. शेतकऱ्याला अनुदानामुळे तेच पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते.

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली, त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद ठरवली आणि २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठेवले. त्या उद्दिष्टापुढचा सर्वांत मोठा अडसर म्हणजे हे विजेचे बिल. उत्प्रेरकाचा प्रवेश इथे होतो.

उत्प्रेरक काय करतो आणि काय करू शकत नाही

जो पदार्थ स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियेची वाट सोपी करून देतो, त्याला उत्प्रेरक म्हणतात. पाठ्यपुस्तकात यासाठी बोगद्याचे उदाहरण देतात: घाट चढण्याऐवजी बोगद्यातून जावे, तसे. आपल्याकडे खंबाटकीच्या बोगद्यामुळे ते सर्वांना पटकन समजते. पण पाणी फोडण्याच्या बाबतीत हे उदाहरण अर्धेच लागू पडते, कारण इथे मुक्कामाचे ठिकाणच उंचावर आहे.

त्यापेक्षा चिपळूणहून कराडला येणाऱ्या गाडीचा विचार करावा. चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीला आहे आणि कोयनानगर घाटमाथ्यावर. मधे कितीही बोगदे खणले, तरी तेवढी उंची गाडीला चढावीच लागणार आणि तेवढे डिझेल जळणारच. पण रस्ताच नसता आणि गाडीला आधी एखाद्या सुळक्यावर चढून मग माथ्यावर उतरावे लागले असते, तर तो जादा चढ निव्वळ वाया गेला असता. उत्प्रेरक हा जादा चढ कमी करतो. घाटमाथ्याची उंची तो कमी करू शकत नाही.

पाण्यासाठी ही अटळ उंची १.२३ व्होल्ट आहे. क्रियेला लागणारी उष्णताही बाहेरून न देता विजेतूनच द्यायची असेल, तर ती १.४८ व्होल्ट होते, म्हणजे किलोभर हायड्रोजनला ३९ युनिटांहून थोडी जास्त वीज. याहून खाली कोणताही उत्प्रेरक नेऊ शकत नाही. प्रत्यक्ष कारखान्यांत यंत्राच्या एकेका घराला, म्हणजे सेलला, १.८ ते २ व्होल्ट द्यावे लागतात. वरच्या या व्होल्टांचा बराचसा भाग म्हणजे आपल्या उदाहरणातला सुळका, आणि उत्प्रेरकावरील बरेचसे संशोधन तो खाली आणण्यासाठी चालू आहे.

त्याची किंमत काढता येते. प्रत्येक ०.१ व्होल्ट म्हणजे हायड्रोजनच्या किलोमागे सुमारे २.७ युनिट. पाच रुपयांच्या दराने साडेतेरा रुपये किलोमागे, आणि युरियाच्या पोत्यामागे साठ रुपये. एखाद्या प्रयोगशाळेने ०.१ व्होल्टची बचत केली असे वाचले, की मी मनातल्या मनात हे साठ रुपये मोजतो.

इरिडियम कशासाठी लागते

सौर आणि पवन ऊर्जेशी चांगले जुळणारे एक आधुनिक इलेक्ट्रोलायझर आहे. त्यात दोन टोकांच्या मधे प्लास्टिकसारखा एक पातळ पडदा असतो आणि तो तीव्र आम्लासारखा वागतो. यंत्र लहान होते, कमी जागेत जास्त वायू देते आणि विजेचा चढउतार सहज झेलते. पण आम्लात निकेल आणि लोखंड विरघळून जातात. म्हणून हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनम आणि ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियमचे ऑक्साइड वापरावे लागते.

ऑक्सिजनची बाजू जास्त अवघड आहे, याचे कारण समजण्यासारखे आहे. हायड्रोजनच्या रेणूसाठी दोनच इलेक्ट्रॉनांची देवघेव होते, तर ऑक्सिजनच्या रेणूसाठी चार इलेक्ट्रॉन एकामागून एक काढून घ्यावे लागतात आणि प्रत्येक पायरीवर अडखळायला वाव असतो. शिवाय तिथे ताजा ऑक्सिजन, आम्ल आणि धन विद्युतभार हे तिघे एकत्र असतात. आपल्या पेन्सिलीचे शीस नेमके याच बाजूला झिजले होते.

गलाईच्या माणसाला इरिडियमची ओळख करून द्यायची, तर अशी: सोने १,०६४ अंश सेल्सिअसला वितळते, इरिडियमला २,४४६ अंश लागतात, म्हणजे नेहमीच्या भट्टीत आणि नेहमीच्या मुशीत ते वितळणार नाही. सोने विरघळवणारे अम्लराजही इरिडियमच्या लगडीवर ओरखडा काढत नाही. शाईपेनच्या निबवर 'इरिडियम पॉइंट' अशी अक्षरे कोरलेली असत, ती याच न झिजणाऱ्या धातूच्या लौकिकामुळे, जरी त्या निबांच्या टोकाला पुढे खरे इरिडियम क्वचितच उरले.

भाव महाग आहे, पण माझ्या मते खरी अडचण भावाची नसून पुरवठ्याची आहे. जगात दरवर्षी सोने तीन हजार टनांहून जास्त खणले जाते, इरिडियम मात्र सात-आठ टन मिळते, तेही बहुतांश दक्षिण आफ्रिकेतील प्लॅटिनमच्या खाणींतून, जोडउत्पादन म्हणून. मागणी वाढली तरी केवळ इरिडियमसाठी कोणी खाण वाढवत नाही. आजच्या पद्धतीने एक गिगावॅट क्षमतेच्या अशा यंत्रांना काही शे किलो इरिडियम लागते. जगातले सगळे इरिडियम दुसऱ्या कोणाला न देता याच कामाला लावले, तरी वर्षाला पंधरा-वीस गिगावॅटच्या पुढे जाता येणार नाही. म्हणून एक वाट अशी चालू आहे की इरिडियमच वापरायचे, पण आहे त्याच्या पाचव्या-दहाव्या हिश्शात भागवायचे. दुसरी वाट ते पूर्ण टाळण्याची आहे.

निकेल तर पूर्वीपासून आहे, मग नवे काय?

हा आक्षेप अगदी रास्त आहे. पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा अल्क मिसळून निकेलच्या पत्र्यांवर हायड्रोजन काढण्याची पद्धत शंभर वर्षांची जुनी आहे. अल्कात निकेल विरघळत नाही. भारतातही पंजाबमधील नांगल येथे भाक्रा धरणाच्या विजेवर पाणी फोडून, त्या हायड्रोजनपासून खत बनवणारा कारखाना १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच उभा राहिला होता. म्हणजे ज्या काळात कोयनेचे धरण बांधले जात होते, त्या काळात देशात धरणाच्या विजेवर हरित हायड्रोजन तयार होत होता, फक्त त्याला ते नाव नव्हते.

धरणाच्या विजेत आणि वाऱ्याच्या विजेत मात्र फरक आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर उभे राहून पाहिले, तर पावसाळ्यात भिरभिरणाऱ्या पवनचक्क्या इतर महिन्यांत कधी संथ फिरतात, तर कधी तासन्‌तास थांबतात. जुन्या अल्कधर्मी यंत्राला हा लहरीपणा सोसत नाही. वीज कमी झाली की वायू कमी तयार होतो, पण मधल्या पडद्यातून हायड्रोजन झिरपायचा तेवढाच झिरपत राहतो. ऑक्सिजनमध्ये हायड्रोजनचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास गेले की ते मिश्रण स्फोटक होते, म्हणून यंत्र त्याच्या बरेच आधी बंद करावे लागते. बंद करताना प्रवाह उलटा वाहतो आणि निकेलचा पृष्ठभाग खराब होतो. दुसरे असे की साध्या निकेलच्या पत्र्यावर एका चौरस सेंटिमीटरमागे कमी प्रवाह घेता येतो, त्यामुळे यंत्र अवाढव्य होते.

तेव्हा आजचा शोध असा आहे: निकेल, लोखंड, मॉलिब्डेनम यांसारख्या मुबलक धातूंपासून असा पृष्ठभाग घडवायचा, जो जुन्या निकेलपेक्षा कमी व्होल्ट घेईल, जास्त प्रवाह झेलेल आणि रोजच्या चालू-बंदला पुरून उरेल. अल्कधर्मी पडद्याचे नवे यंत्रही विकसित होत आहे, ज्यात पातळ पडद्याचे फायदे मिळतात आणि आम्ल नसल्यामुळे स्वस्त धातू चालतात. त्याचा पडदा अजून पुरेसा टिकाऊ झालेला नाही.

स्वस्त धातूला प्लॅटिनमचे काम कसे शिकवतात

इथे भाकरीचे उदाहरण उपयोगी पडते. थापलेली भाकरी तव्याला धरली पाहिजे, नाहीतर ती भाजत नाही, आणि वेळेवर सुटलीही पाहिजे, नाहीतर करपते आणि तव्यावरची जागा अडवून बसते. उत्प्रेरकाच्या पृष्ठभागाचेही असेच आहे. हायड्रोजनचा अणू त्यावर इतपत चिकटावा की दुसऱ्या अणूशी त्याची गाठ पडेल, पण इतका घट्ट नको की वायू होऊन निघूनच जाणार नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिये यांनी हे तत्त्व मांडले. त्यांना १९१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, ते बारीक वाटलेल्या धातूंच्या साहाय्याने हायड्रोजन जोडण्याच्या कामासाठी. पुढे तेलापासून वनस्पती तूप बनवताना निकेलचा जो उत्प्रेरक वापरला जाऊ लागला, त्याचे मूळ याच कामात आहे. हायड्रोजनसाठी प्लॅटिनमची पकड जवळजवळ नेमकी असते. निकेल जरा जास्त घट्ट धरते, म्हणून त्यात दुसरा धातू मिसळून ही पकड सैल करावी लागते.

सर्वांत सुंदर उदाहरण मला मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे वाटते. गॅरेजमध्ये बेअरिंगला लावायचे काळे 'मॉली ग्रीस' ज्या भुकटीमुळे काळे असते, तीच ही भुकटी. तिचे थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवर घसरतात, म्हणून ती वंगण म्हणून उत्तम. हायड्रोजनच्या कामात मात्र ती निरुपयोगी समजली जात होती. २००५ मध्ये संशोधकांनी गणिताने दाखवले की थराचा सपाट भाग जरी सुस्त असला, तरी त्याच्या कडेवरच्या अणूंची पकड प्लॅटिनमच्या जवळ जाते, आणि २००७ मध्ये प्रयोगाने ते सिद्ध झाले. ही कल्पना सुचली कुठून? भुईमूग उपटला की मुळांवर ज्या गाठी दिसतात, त्यांतील जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात, आणि ते काम करणाऱ्या त्यांच्या विकराच्या गाभ्यात लोखंड, मॉलिब्डेनम आणि गंधक असते. नायट्रोजन बांधताना हा विकर थोडा हायड्रोजनही सोडतो. आपल्या शेतात प्लॅटिनमशिवाय हायड्रोजन तयार होतच होता.

ऑक्सिजनच्या बाजूला निकेल आणि लोखंड यांची जोडी अल्कात फार चांगली चालते. निकेलच्या बॅटऱ्या बनवणाऱ्यांना जुना अनुभव होता की लोखंडाचा अंश शिरला तर चार्ज करताना ऑक्सिजनचे बुडबुडे येतात आणि वीज वाया जाते. १९८७ मध्ये या परिणामाचा नीट अभ्यास प्रसिद्ध झाला आणि बॅटरीचा हा दोष पाणी फोडण्याच्या कामी गुण ठरला.

हे सगळे काम पृष्ठभागावर चालते, त्यामुळे जाड पत्रा उत्प्रेरकाचा असण्याची गरज नाही. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करतात, तेव्हा कथिल किती लागते? अगदी चिमूटभर, पण अन्नाचा स्पर्श होतो तो कथिलालाच. तसाच निकेलच्या जाळीदार स्पंजावर उत्प्रेरकाचा पातळ थर चढवतात. एक पद्धत अगदी घरगुती वाटावी अशी आहे: स्पंजाची पट्टी एका द्रावणात बुडवायची, धुवायची, दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची, आणि असे पन्नास-शंभर वेळा करायचे. त्याला निर्वात यंत्र लागत नाही की प्रखर भट्टी लागत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, जे १९६२पासून सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांचे विद्यापीठ आहे, द्रावणातून पातळ थर चढवण्याच्या अशा कमी खर्चाच्या पद्धतींवर संशोधनाची मोठी परंपरा आहे. महागडी यंत्रे नसलेल्या महाविद्यालयांनाही या विषयात खरे काम करता येते, ते यामुळे.

उसाच्या चिपाडाचाही उपयोग होतो. ते हवेशिवाय तापवले की सच्छिद्र कोळसा मिळतो आणि त्यावर धातूचे कण पसरता येतात. पण हा आधार हायड्रोजनच्या बाजूलाच योग्य. ऑक्सिजनच्या बाजूला कोळसा टिकत नाही, हे ग्लासाच्या तळाशी साचलेल्या काळ्या भुकटीने आपल्याला आधीच दाखवले आहे, कारण पेन्सिलीचे शीसही कोळशासारखे कार्बनचेच असते.

एवढे शोध लागतात, मग कारखान्यात का दिसत नाहीत?

याचे मुख्य कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे, आणि ते वाचकांना कोणी सांगत नाही याचे मला वाईट वाटते. प्रयोगशाळेत उत्प्रेरकांची तुलना बहुधा एका चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर इतक्या प्रवाहावर करतात. कारखान्यातील यंत्र त्याच जागेतून काहीशे ते हजार-दोन हजार मिलिअँपिअर घेते. बैलगाडीच्या वेगाला न खडखडणारे चाक महामार्गावरही तसेच चालेल, असे गृहीत धरता येत नाही. एवढ्या प्रवाहात बुडबुडे इतक्या जोराने सुटतात की चढवलेला थरच पापुद्र्यासारखा उखडू शकतो.

दुसरा प्रश्न काळाचा. बऱ्याच शोधनिबंधांत चाचणी २४ किंवा १०० तासांची असते. कारखान्याला ६० ते ८० हजार तासांची, म्हणजे सात ते नऊ वर्षांच्या अखंड कामाची हमी हवी असते. थर किती तास टिकला, हे बातमीत नसेल तर ती बातमी अपुरी आहे असे खुशाल समजावे.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण गलाईच्या माणसाला लगेच पटली. चाचणी घेताना समोरच्या टोकाला पुष्कळदा प्लॅटिनमची तार लावलेली असते. ती द्रावणात कणाकणाने विरघळते आणि तिचा सूक्ष्म अंश समोरच्या 'स्वस्त' उत्प्रेरकावर जाऊन बसतो. मग काम प्लॅटिनम करते आणि श्रेय निकेलला मिळते. म्हणून हायड्रोजनच्या चाचणीत समोर ग्रॅफाइटची कांडी लावावी, असा आग्रह आता धरला जातो. "म्हणजे कसोटीचा दगडच आधी सोन्यावर घासलेला," असे तो म्हणाला, आणि याहून नेमके मला सांगता आले नसते.

उत्प्रेरक फुकट मिळाला, तर हायड्रोजन स्वस्त होईल का?

एक मेगावॅटचे यंत्र तासाला सुमारे २० किलो आणि वर्षात आठ हजार तास चालले तर १ लाख ६० हजार किलो हायड्रोजन देते. समजा, नवा उत्प्रेरक अगदी फुकट मिळाला, पण त्याला ०.२ व्होल्ट जास्त लागले. किलोमागे ५.३ युनिट जादा, म्हणजे वर्षाला साडेआठ लाख युनिट, म्हणजे जवळपास ४२ लाख रुपये, आणि हे दरवर्षी. तेवढ्याच क्षमतेच्या यंत्रात इरिडियम लागते ते अर्धा किलोच्या आसपास. फुकटचा धातू काही वर्षांतच महागात पडतो. हायड्रोजनच्या किमतीत निम्म्याहून अधिक वाटा विजेचा असल्यामुळे उत्प्रेरकाचा स्वस्तपणा धातूच्या भावात आणि विजेच्या बिलात मिळून मोजावा लागतो. त्यातही कोबाल्टसारखा धातू घेतला, तर त्याचा मोठा पुरवठा काँगोसारख्या एकाच देशातून येतो, म्हणजे इरिडियमची अडचण टाळून दुसरी तशीच ओढवून घेतल्यासारखे होते. लोखंडाचे तसे नाही, म्हणून निकेलचे प्रमाण कमी करून लोखंडाचे वाढवण्याचे प्रयत्न मला जास्त मोलाचे वाटतात.

जत-आटपाडीत प्यायला पाणी नाही आणि तुम्ही ते फोडता?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात येणारच, आणि तो टाळू नये. एक किलो हायड्रोजनला रासायनिक हिशेबाने नऊ लिटर पाणी लागते. देशाचे ५० लाख टनांचे संपूर्ण उद्दिष्ट गाठायचे, तर ४,५०० कोटी लिटर, म्हणजे सुमारे १.६ टीएमसी पाणी होते. कोयनेच्या धरणाची साठवण १०५ टीएमसी आहे. पाणी अतिशुद्ध करताना काही वाया जाते आणि यंत्र थंड ठेवायलाही लागते, म्हणून हा आकडा दुप्पट-तिप्पट धरला, तरी देशाच्या मानाने तो लहानच राहतो.

पण देशाचा आकडा जतच्या माणसाला सांगून उपयोग नाही. म्हैसाळ आणि टेंभूच्या योजनांतून उचलून आणलेल्या पाण्याचा एकेक थेंब जिथे वाटून घेतला जातो, तिथे असा प्रकल्प उभारणे मला चूक वाटते. ऊन तिथे मुबलक आहे, त्यामुळे मोह होणारच. वीज तारेतून नेता येते, पाणी नेणे अवघड, हे २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेताना आपण पाहिले आहे. तेव्हा यंत्र पाण्याजवळ असावे आणि वीज उन्हाच्या गावाहून यावी.

समुद्राचे पाणी थेट वापरावे, तर मिठामुळे क्लोरीन निघतो आणि धातू गंजतो. आज तरी ते आधी गोडे करून वापरणेच सोपे पडते, आणि त्यासाठी लागणारी वीज पाणी फोडण्याच्या विजेच्या तुलनेत अगदी किरकोळ असते.

मग पाण्यावर गाडी चालेल का?

नाही. पाणी म्हणजे जळून गेलेल्या हायड्रोजनची राख आहे. चुलीतली राख पुन्हा पेटत नाही, तसे पाणीही इंधन होऊ शकत नाही. त्यातून हायड्रोजन काढायला जेवढी ऊर्जा घालावी लागते, तेवढीसुद्धा तो जाळून पूर्ण परत मिळत नाही. उत्प्रेरकाने पाण्यावर गाडी चालवून दाखवतो म्हणून पैसे मागणारी माणसे अधूनमधून भेटतात. त्यांना चिपळूणचा चढ दाखवावा आणि एक रुपयाही देऊ नये.

निघताना माझ्या विद्यार्थ्याने धंद्याचा प्रश्न विचारलाच: ही यंत्रे मोडीत निघतील तेव्हा त्यांतले इरिडियम काढता येईल का? येईल, आणि काढावेच लागेल, कारण नव्या खाणीची आशा नाही. पण एका चौरस सेंटिमीटरवर ते एक-दोन मिलिग्रॅमच असते, पडद्याला चिकटलेले असते आणि अम्लराजाला दाद देत नाही. पडदा जाळला तर त्यातील फ्लोरिनमुळे विषारी धूर होतो. सराफाच्या दुकानातली झाडलोट धुऊन झारेकरी सोन्याचे कण काढतात, तसेच हे काम आहे, हे ऐकून त्याने मान डोलावली, आणि पडद्यावरून थर न जाळता कसा सोडवायचा, याची माहिती पाठवायला सांगून तो गाडीत बसला.